परदेशी निघालेल्याची वटणावळ

व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला तेव्हा मी हा सांगितला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर थोडे आश्चर्य उमटलेले मला दिसले. युनियनच्या माणसाने पगार, बोनस, कंत्राटी पद्धत यांवर बोलावे, विमानतळ आणि परकीय चलन हा सहलीला जाणाऱ्या सुखवस्तू मंडळींचा विषय, अशी एक समजूत आहे. ती आता जुनी झाली. आपल्या दिंडोशीत, कुरारमध्ये, संतोषनगरात हिंडताना मला जी कुटुंबे भेटतात, त्यांतल्या अनेकांचे कोणी ना कोणी आखातात आहे. कोणी वीजतारांचे काम करतो, कोणी हॉटेलात भांडी घासतो, कोणी क्रेन चालवतो. विमानात बसणाऱ्यांत कोटवाले असतात तसे हेही असतात. आणि खिडकीवर नोटा बदलताना जो तोटा होतो, तो कोटवाल्याला जाणवतही नाही. त्याच तोट्याने दुसऱ्याचा मात्र पहिला आठवडा कोरडा जातो.

मी अर्थशास्त्राचा पदवीधर नाही. शाळा दहावीला सुटली, पुढचे शिक्षण गिरणीगावातून आलेल्या जुन्या कार्यकर्त्यांच्या पायांशी आणि सार्वजनिक ग्रंथालयाच्या बाकावर झाले. तेव्हा जे सांगणार आहे ते हिशेबाच्या वहीतले सांगणार आहे. ज्याला बेरीज-भागाकार येतो त्याला ते कळण्यासारखे आहे.

आरंभ घरच्याच गोष्टीपासून करतो. तीन वर्षांपूर्वी माझा एक भाचा आखातात नोकरीला निघाला. तिकीट स्वस्त पडले म्हणून तो सहारहून न जाता राज्याबाहेरच्या एका छोट्या विमानतळावरून गेला. कोणता ते सांगण्यात अर्थ नाही. आईने दिलेले पैसे खिशात होते. निघायच्या गडबडीत नोटा बदलायचे राहून गेले, आणि विमानतळावर चलन बदलण्याची एकच खिडकी होती. त्याने पंचवीस हजार दोनशे रुपये मोजले आणि एक हजार दिरहॅम घेतले. म्हणजे दिरहॅमला पंचवीस रुपये वीस पैसे. त्या आठवड्यात गोरेगावात तेवीस रुपये दहा पैशांना दिरहॅम मिळत होता. एकवीसशे रुपयांचा फरक! येथे त्याला दिवसाला सातशे रुपये मिळत असत. म्हणजे तीन दिवस राबून मिळवलेले पैसे त्याने तीन मिनिटांत देऊन टाकले. फोनवर मला म्हणाला, "मामा, पण तिथं तर 'कमिशन नाही' असं लिहिलं होतं." आणि ते खरेच होते. कमिशन नव्हतेच. सगळी कमाई भावात होती.

हे भावातले कमिशन काय असते ते आधी समजून घेऊ.

आपल्या जुन्या भाषेत यासाठी फार नेमके शब्द आहेत. नाणे बदलताना जे कापले जाते तो बट्टा. बदलून देण्याची मजुरी ती वटणावळ. आणि एका गावच्या पैशाचा दुसऱ्या गावी जो भाव ठरतो ती हुंडणावळ. मराठी राज्यात एकच एक रुपया नव्हता. चांदवडी होता, अंकुशी होता, हाली होता. प्रत्येकाचा कस निराळा. एका परगण्यातून दुसऱ्यात गेलेल्या शिपायाला आपला पगाराचा रुपया सराफापुढे ठेवावा लागे आणि सराफ त्यावर बट्टा कापी. ज्या गावात चार सराफ तेथे बट्टा कमी, ज्या गावात एकच सराफ तेथे जास्त. विमानतळावरची काचेची खिडकी पाहिली की मला तोच एकटा सराफ दिसतो. त्याने आता टाय लावला आहे इतकेच.

कोणत्याही बदलणाऱ्याच्या फलकावर दोन भाव असतात. एका भावाने तो तुमच्याकडून परकीय नोट विकत घेतो, दुसऱ्या, चढ्या भावाने तुम्हाला विकतो. या दोहोंमधले अंतर ही त्याची मिळकत. सोयीसाठी डॉलरचा बाजारातला घाऊक भाव नव्वद रुपये धरू. शहरात, जेथे एकाच रस्त्यावर तीन दुकाने आहेत, तेथे विक्रीचा भाव एक्याण्णव आणि खरेदीचा एकोणनव्वद असेल. एकट्या खिडकीवर विक्रीचा अठ्ठ्याण्णव आणि खरेदीचा ब्याऐंशी असू शकतो. तीनशे डॉलर शहरात घेतले तर २७,३०० रुपये, त्या खिडकीवर २९,४००. त्यातून समजा पन्नास डॉलर उरले आणि परत येताना त्याच खिडकीवर दिले. घेताना ४,९०० मोजले होते, देताना ४,१०० मिळाले. नोट कोठे खर्च झाली नाही, तिने काही विकत घेतले नाही, नुसती प्रवास करून आली. आणि तेवढ्यात आठशे रुपये गेले. म्हणून 'कमिशन किती?' असे विचारूच नये. 'तीनशे डॉलर हवेत, सगळे धरून किती रुपये द्यायचे?' असे विचारावे. मग कमिशन, कर, सेवाशुल्क ही सगळी नावे एका आकड्यात येऊन बसतात आणि दोन दुकानांची तुलना करता येते.

कराचेही सांगून टाकतो, कारण त्याच्या नावाखाली पुष्कळ काही खपते. चलन बदलण्यावर जीएसटी आहे, पण तो सगळ्या रकमेवर नाही. एक लाखापर्यंतच्या व्यवहारात रकमेचा एक टक्का हे सेवेचे मूल्य धरतात, ते किमान अडीचशे रुपये, आणि त्यावर अठरा टक्के कर. म्हणजे पंचवीस हजारांपर्यंत पंचेचाळीस रुपये, आणि पुऱ्या एक लाखावर एकशे ऐंशी. वरच्या २७,३०० रुपयांवर हा कर एकोणपन्नास रुपयांच्या आसपास येतो. खिडकीवर कोणी 'करामुळे भाव जास्त आहे' म्हणाले तर हा आकडा मनात ठेवावा.

आता खरा भाव ओळखायचा कसा? डॉलरचा संदर्भदर कामकाजाच्या प्रत्येक दिवशी जाहीर होतो आणि तो मोबाईलवर पाहता येतो. आखातात जाणाऱ्यांना तर फारच सोपे आहे. दिरहॅम १९९७ पासून डॉलरला बांधलेला आहे: एका डॉलरला ३.६७२५ दिरहॅम. सौदी रियाल ३.७५ आणि कतारचा रियाल ३.६४ असा बांधलेला. डॉलर नव्वद असेल तर नव्वदला ३.६७ ने भागा. साडेचोवीस रुपयांच्या आसपास येते. तोच दिरहॅमचा खरा भाव. त्यावर शहरात दोन-अडीच टक्के जास्त मागितले तर ती दुकानदाराची मजुरी समजावी. दहा टक्के मागितले तर उठून चालू लागावे. पण विमानतळावर उठून जाणार कोठे? सगळी मेख तेथेच आहे.

हे आखाताचे आणि आपल्या रुपयाचे नाते किती जुने आहे ते आजच्या मुलांना सांगून खरे वाटत नाही. कुवेत, बहारीन, कतार, दुबई, मस्कत या मुलुखांत एके काळी आपलाच रुपया चालत असे. पुढे सोन्याची चोरटी आयात वाढली. तिकडचे व्यापारी इकडे सोने धाडीत, बदल्यात आलेले रुपये आपल्याच रिझर्व्ह बँकेपुढे ठेवून पौंड मागत, आणि आपली गंगाजळी आटू लागे. म्हणून १९५९ साली कायदा दुरुस्त करून आखातासाठी निराळ्या रंगाच्या, तेथेच चालणाऱ्या नोटा काढल्या. हाजच्या यात्रेकरूंसाठीही वेगळ्या नोटा निघाल्या. कुवेतने १९६१ मध्ये आपला दिनार काढला, बहारीनने १९६५ मध्ये. मग ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले, डॉलर ४.७६ वरून साडेसात रुपयांवर गेला, आणि उरलेल्यांनीही हात आखडला. ओमानने तेवढा १९७० पर्यंत धरून ठेवला. ज्या वाळवंटात आपला रुपया दुकानात चालत होता तेथे आता आपला पोरगा तीन दिवसांची मजुरी बट्ट्यात घालून उतरतो. गोव्याचेही तसेच. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त होईपर्यंत तेथे पोर्तुगीजांचा एस्कुदो होता, आणि त्याआधीचा रुपिया सहा एस्कुदोंना धरला जाई. आज ज्या पेडणे तालुक्यात मोपाचा विमानतळ उभा आहे, तेथल्या जुन्या माणसांना बट्टा हा शब्द समजावून सांगावा लागत नसे.

मोपाचे नाव मुद्दाम घेतले. तो विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाला आणि सावंतवाडी-बांद्याच्या मुलांना तो घराशेजारचा झाला. आपल्याकडच्या चाकरमान्यांची मुले नोकरीला निघण्यापूर्वी गावी जातात, आईच्या हातचे खातात, देवाला नारळ ठेवतात आणि तिकडूनच विमानात बसतात. विदर्भातल्या लोकांना नागपूर तसेच. दिंडोशीचा माणूस मेट्रोने गुंदवलीला उतरला की सहार फार दूर नाही. पण गावाकडून निघायचे तर लहान विमानतळ बरा, हे मला पूर्ण मान्य आहे. लहान विमानतळावर गर्दी कमी, चालणे कमी, म्हातारी माणसे पोचवायला येऊ शकतात. माझे म्हणणे एवढेच की विमान तेथे पकडावे, पैसे मात्र तेथे बदलू नयेत.

तेथे भाव चढा का असतो, याचा राग खिडकीमागच्या मुलावर काढू नये. मी विमानतळांवरच्या कंत्राटी कामगारांत काम केले आहे. त्या खिडकीत बसणारा मुलगा रात्रपाळी करतो, नोटा मोजताना चूक झाली तर भरपाई त्याच्या पगारातून, आणि भाव त्याने ठरवलेला नसतो. विमानतळावरच्या गाळ्याचे भाडे जबर असते, आणि पुष्कळदा विक्री होवो न होवो, ठरलेली किमान रक्कम भरावीच लागते. मोठ्या विमानतळावर ती रक्कम हजारो प्रवाशांत वाटली जाते. छोट्या ठिकाणी दिवसाला परदेशी जाणारी विमाने दोन किंवा तीन. गिऱ्हाईक थोडे, पण खिडकी उघडी ठेवावी लागते, नोटांचा साठा ठेवावा लागतो, त्याचा विमा उतरावा लागतो. हा सगळा बोजा थोड्यांच्या डोक्यावर बसतो. वर प्रतिस्पर्धी नाही आणि गिऱ्हाईक घाईत आहे. अशा जागी भाव उतरेल तरी कशाने? कित्येक लहान विमानतळांवर तर खिडकीच नसते, किंवा असली तरी पहाटेच्या विमानाला बंद असते.

म्हणून पैसे निघण्यापूर्वी, शहरात बदलावे. बँकेच्या परकीय चलनाचे काम करणाऱ्या शाखेत किंवा रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या मनी चेंजरकडे जावे. परवाना भिंतीवर लावलेला असतो, तो बघायला लाजू नये. पासपोर्ट, पॅन कार्ड, व्हिसा आणि तिकीट बरोबर न्यावे. पन्नास हजार रुपयांच्या आतली रक्कम रोख देता येते; त्यावर गेले की चेक, कार्ड किंवा बँकेतून द्यावी लागते. निदान दोन ठिकाणी फोन करून 'सगळे धरून किती' हा प्रश्न विचारावा. दुसऱ्याचा आकडा पहिल्याला सांगितला की पहिला खाली येतो. अगदीच उशीर झाला तर ऑनलाइन मागणी नोंदवून ठेवावी. आधी नोंदवलेला भाव विमानतळावर आयत्या वेळी मागितलेल्या भावापेक्षा बहुधा बरा निघतो. आणि पावती घ्यावी. पावतीवर भाव लिहिलेला असतो आणि पुढे तक्रारीला तोच एक कागद उपयोगी पडतो.

दिरहॅम, रियाल यांसारखे चलन मुंबईत सहज मिळते, ते थेट घ्यावे. इथे डॉलर घेऊन तिकडे दिरहॅम करणे म्हणजे दोनदा बट्टा भरणे. मात्र जेथले चलन इथे क्वचित मिळते अशा देशात जायचे तर डॉलर नेलेले बरे. नोटा कोऱ्या, न दुमडलेल्या मागून घ्याव्यात, कारण पुष्कळ ठिकाणी मळकी डॉलरची नोट घेत नाहीत.

ओळखीचा कोणी सुटीवर आला आहे, त्याच्याजवळ दिरहॅम पडून आहेत, ते त्याच्याकडूनच घेऊ, ही सूचना प्रत्येक चाळीत निघते. माणुसकीच्या दृष्टीने त्यात वाईट काही नाही, पण फेमा हा २००० सालापासून अमलात असलेला कायदा परकीय चलनाचा व्यवहार परवानाधारकाशीच करायला सांगतो. पकडले गेले तर परदेशी निघालेल्या मुलाचा पासपोर्ट आणि नोकरी दोन्ही टांगणीला. शिवाय त्या नोटांत एखादी खोटी निघाली तर जायचे कोणाकडे?

यापेक्षा आमचा जुना मार्ग बरा. दोन वर्षांपूर्वी आमच्या वस्तीतली आठ मुले एकाच महिन्यात निघणार होती. प्रत्येक जण वेगळा जाऊन वेगळा भाव घेऊन आला होता. मी त्यांना एका सकाळी एकत्र घेऊन एका परवानाधारक दुकानात गेलो. प्रत्येकाची खरेदी त्याच्या स्वतःच्या नावावर, स्वतःच्या पासपोर्टवर. पण भावाची बोलणी एकदाच, आठांच्या वतीने. दुकानदाराने प्रथम मान हलवली. मी म्हटले, ठीक आहे, समोरच्याला विचारून येतो. दिरहॅममागे साठ पैसे उतरले. प्रत्येकी दीड हजार दिरहॅमवर नऊशे रुपये वाचले. सामुदायिक वाटाघाटी म्हणतात त्या ह्याच, फक्त समोर मालक नव्हता, सराफ होता.

आता रोख पैशाचे. लहान विमानतळावर एटीएम असले तर एखादे, तेही कधी बंद, कधी रिकामे, आणि बहुधा सुरक्षा तपासणीच्या अलीकडे. एकदा आत गेलात की परत बाहेर येणे दुरापास्त. म्हणून रुपये गावातच काढून ठेवावेत. दुसऱ्या बँकेच्या एटीएममधून मोठ्या महानगरात महिन्याला तीन आणि इतरत्र पाच व्यवहार मोफत असतात. पुढे प्रत्येक वेळी जास्तीत जास्त तेवीस रुपये आणि वर कर, असा दर मे २०२५ पासून आहे. शिल्लक किती आहे हे पाहणेही त्या मोफत संख्येत मोजले जाते, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

परदेशात उतरल्यावर आपले नेहमीचे कार्ड तिथल्या एटीएममध्ये चालते, पण त्यावर साधारण साडेतीन टक्क्यांपर्यंत बँकेची आकारणी आणि प्रत्येक वेळी वेगळे शुल्क बसते. तेव्हा शंभर-शंभर दिरहॅम पाच वेळा काढण्यापेक्षा पाचशे एकदा काढावेत. निघण्यापूर्वी बँकेला सांगून कार्डाचा परदेशी वापर चालू करून घ्यावा, नाहीतर मध्यरात्री यंत्र कार्ड परत करते. आणि एक सापळा ध्यानात ठेवावा. यंत्र विचारते, 'रुपयांत हिशेब करू का?' आपल्या देशाचे नाव दिसले की माणसाला बरे वाटते आणि तो 'हो' दाबतो. तसे दाबले की भाव त्या यंत्राचा मालक ठरवतो, आणि तो विमानतळाच्या खिडकीचाच भाऊ असतो. नेहमी तिथल्या चलनात हिशेब मागावा. दुकानातल्या कार्डयंत्रावरही हेच.

आधी पैसे भरून ठेवायचे फॉरेक्स कार्ड मिळते. ज्या देशात जायचे त्याच चलनात ते भरले तर ते स्वस्त पडते. डॉलरमध्ये भरून दिरहॅममध्ये खर्च केले की पुन्हा बदलीचा आकार. यूपीआय आता अमिराती, सिंगापूर, नेपाळ, श्रीलंका, मॉरिशस अशा काही देशांतल्या काही दुकानांत चालते. ती सोय चांगली आहे, पण कामगारांच्या छावणीत पहिल्या रात्री पाण्याची बाटली आणि फोनचे सिमकार्ड घ्यायला रोख लागते. दोनेकशे दिरहॅम हातात असावेत, सुट्या नोटांत.

बरोबर किती न्यावे यालाही मर्यादा आहे. बहुतेक देशांसाठी परकीय नोटा एका प्रवासात तीन हजार डॉलरच्या मोलापर्यंत, बाकीचे कार्डावर. भारतीय रुपये, नेपाळ-भूतान वगळता, पंचवीस हजारांपर्यंत नेता-आणता येतात. परतीच्या टॅक्सीपुरते दोन-तीन हजार जवळ ठेवावेत, अधिक नकोत. नोव्हेंबर २०१६ मध्ये पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या तेव्हा तिकडच्या पेट्यांत राहिलेल्या नोटा बदलायला अनिवासींना ३० जून २०१७ ची मुदत मिळाली, तीही माणशी पंचवीस हजारांच्या मर्यादेत आणि रिझर्व्ह बँकेच्या मोजक्या कार्यालयांत. एवढ्यासाठी सुटी घेऊन कोण येणार? नोटांची पुरचुंडी तशीच ट्रंकेत राहिलेली मी पाहिली आहे.

परत येताना जे उरले ते उतरल्याबरोबर खिडकीवर बदलण्याची घाई करू नये. टॅक्सीचे रुपये जवळ असले की घाईचे कारणच उरत नाही. इथे राहणाऱ्या माणसाला उरलेले चलन परत करायला १८० दिवसांची मुदत आहे, आणि दोन हजार डॉलरच्या मोलाच्या नोटा तो पुढच्या प्रवासासाठी जवळ ठेवू शकतो. नोटाच पाच हजार डॉलरच्या वर, किंवा सगळे मिळून दहा हजारांच्या वर आणले असतील तर कस्टमपुढे लिहून द्यावे. त्याहून कमी असेल तर घरी यावे, झोपावे आणि दुसऱ्या दिवशी शहरातल्या दोन दुकानांत भाव विचारून विकावे. विकल्याचा दाखला मागून घ्यावा. नाणी मात्र इथे कोणी बदलून घेत नाही. तिकडून निघताना ती आधी संपवावीत. माझा भाचा शेवटच्या दिवशी सगळी नाणी चहावाल्यापुढे ओततो आणि बरोबरच्यांना चहा पाजतो.